दादरमध्ये क्रोएशिया : मध्ययुगीन राज्योदयावरील एका अभ्यासवर्गाविषयी

दादर पश्चिमेला एका जुन्या ग्रंथालयाच्या सभागृहात शनिवारी सायंकाळी इतिहासाचे सशुल्क अभ्यासवर्ग भरतात. त्यांतला या मोसमातला वर्ग क्रोएट लोकांच्या राज्याच्या उदयावर होता. युरोपचे मध्ययुग म्हटले की आपल्याकडचे वक्ते फ्रान्स आणि इंग्लंडमध्ये रमतात, फार तर इटलीपर्यंत येतात. एड्रियाटिक समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावर सातव्या ते बाराव्या शतकात काय घडले, यासाठी पाच सायंकाळी राखून ठेवण्याचे धाडस मुंबईत कोणी करील असे वाटले नव्हते. या वर्गाची पहिली तीन सत्रे दिलेल्या शुल्काच्या दुपटीने मोलाची होती, चौथ्याशी माझे मतभेद आहेत आणि पाचवे उरकले गेले. तरीही पुढच्या तुकडीला नाव नोंदवावे की नाही, असे कोणी विचारले तर नोंदवावे असेच मी सांगेन. त्याची कारणे बरीचशी विषयाच्या मांडणीत आहेत, म्हणून त्या मांडणीबद्दलच अधिक लिहितो.

व्याख्यात्यांनी सुरुवात राजांपासून केली नाही, हे त्यांचे पहिले शहाणपण. पहिल्या सत्राचा बराच वेळ भूगोलाला आणि उद्ध्वस्त रोमन नगरांना दिला होता. डाल्मेशिया या रोमन प्रांताची राजधानी सलोना सातव्या शतकाच्या पूर्वार्धात अवार आणि स्लाव टोळ्यांच्या रेट्यात पडली, आणि तिथल्या लोकांनी जवळच असलेल्या डायोक्लेशियन सम्राटाच्या ओस वाड्याच्या तटबंदीत आसरा घेतला. त्या वाड्यातून पुढे स्प्लिट शहर उभे राहिले. किनाऱ्यावरची झादर, त्रोगिर, स्प्लिट ही नगरे आणि क्र्क, राब यांसारखी बेटे लॅटिन बोलणाऱ्या ख्रिस्ती नागरिकांकडे व नावापुरती कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे बायझंटाइन साम्राज्याच्या, सत्तेखाली राहिली, तर डोंगरामागचा प्रदेश नव्याने आलेल्या स्लाव लोकांच्या हाती गेला. किनारा एकाचा आणि मागची जमीन दुसऱ्याची, ही विभागणी पुढच्या चारशे वर्षांच्या राजकारणाचा पाया आहे. ती आधी पक्की समजावून दिल्यामुळे नंतरची गुंतागुंतीची प्रकरणे सहज उलगडत गेली.

क्रोएट लोक मुळात कुठून आले, या प्रश्नावर श्रोत्यांना ठाम उत्तर हवे होते आणि ते मिळाले नाही, हे योग्यच झाले. बायझंटाइन सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याने दहाव्या शतकाच्या मध्यावर आपल्या मुलासाठी राज्यकारभाराविषयी जो ग्रंथ सिद्ध केला, त्यात पाच भाऊ आणि तूगा व बूगा या दोन बहिणी आपल्या लोकांना घेऊन उत्तरेकडून आल्या आणि त्यांनी अवारांना हरवले, अशी कथा आहे. त्याच ग्रंथात दुसऱ्या ठिकाणी मात्र हेराक्लियस सम्राटाच्या आज्ञेने ते आले असे म्हटले आहे. पहिली कथा क्रोएटांच्या स्वतःच्या आठवणीतली वाटते आणि दुसरी साम्राज्याच्या सोयीची, आणि दोन्ही घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहिलेल्या आहेत, हे व्याख्यात्यांनी स्पष्ट केले. आपल्याकडे राजघराण्यांच्या वंशावळी सूर्यचंद्रापर्यंत नेऊन भिडवण्याची परंपरा असल्याने श्रोत्यांना हा मुद्दा पटायला वेळ लागला नाही.

दुसऱ्या सत्राचा विषय फ्रँक साम्राज्याच्या छायेतला होता. शार्लमेन आणि बायझंटाइन सम्राट यांच्यात ८१२ साली आखेन येथे तह झाला. त्यानुसार किनाऱ्यावरची नगरे आणि बेटे बायझंटाइन सत्तेकडे राहिली व आतला प्रदेश फ्रँकांच्या अधिपत्याखाली गेला. या काळातला बोर्ना हा डाल्मेशियाचा सरदार फ्रँकांचा निष्ठावंत होता. उत्तरेकडे सिसाकहून राज्य करणाऱ्या ल्युदेवितने ८१९ मध्ये फ्रँकांविरुद्ध बंड पुकारले, तेव्हा कूपा नदीच्या काठच्या लढाईत बोर्नाचेच काही लोक त्याला सोडून गेले आणि तो जेमतेम निसटला. ल्युदेवितचे बंड ८२३ पर्यंत चालले आणि त्याच्या हत्येने संपले. नंतरच्या काळातील देशाभिमानी लेखनाने ल्युदेवितला स्वातंत्र्यवीर आणि बोर्नाला फितूर ठरवले. व्याख्यात्यांनी हा हिशेब नाकारला आणि टिकून राहिलेली सत्ता बोर्नाच्या वारसांची होती, याकडे लक्ष वेधले. मांडलिक राहून, मोठ्या साम्राज्याला स्वतःच्या ओझ्याने वाकू देऊन, तोवर आपला पाया भरत जाण्याची ही रीत आहे. या एका सूत्राभोवती संपूर्ण वर्ग गुंफलेला होता आणि माझ्या मते तेच त्याचे सर्वांत मोठे यश आहे.

त्रपिमिर या सरदारावरचा भाग मला विशेष आवडला. त्याच्या नावाचे ८५२ सालचे दानपत्र हे क्रोएटांचे नाव घेणारे तिथले पहिले दानपत्र मानले जाते, आणि त्यात तो स्वतःला क्रोएटांचा ड्यूक म्हणवतो. पण आज हाती असलेली त्याची सर्वांत जुनी प्रत १५६८ सालची आहे, म्हणजे सातशेहून अधिक वर्षांनंतरची, हेही लगेच सांगितले गेले. बनावट ताम्रपटांच्या कथा ऐकलेल्या मराठी श्रोत्यांना अशा कागदाकडे किती संशयाने पाहावे आणि किती विश्वासाने, हे समजावून सांगण्यात अर्धा तास गेला आणि तो सार्थकी लागला. सुदैवाने त्रपिमिरचे नाव दगडावरही सापडते. रिझिनित्से येथील मठाच्या जागी मिळालेल्या शिळाखंडावर ते कोरलेले आहे. शिवाय गॉटशाल्क नावाचा सॅक्सन धर्मपंडित, ज्याच्या मतांमुळे पुढे त्याच्यावर पाखंडाचा ठपका आला, काही काळ त्रपिमिरच्या दरबारी होता. त्याने आपल्या लेखनात त्रपिमिर ग्रीकांवर, म्हणजे बायझंटाइन सैन्यावर, चाल करून गेल्याचा उल्लेख करताना त्याला सरळ स्लावांचा राजा म्हटले आहे. ज्या राजपदाची तारीख आपण ९२५ अशी पाठ करतो, ते पद एका परक्या पाहुण्याच्या लेखणीतून पाऊणशे वर्षे आधीच उतरले होते. ही जोडणी वर्गात थेट केली गेली नाही. चौथ्या सत्रात तोमिस्लावचा, म्हणजे क्रोएटांचा पहिला राजा मानल्या जाणाऱ्या पुरुषाचा, विषय निघाल्यावर श्रोत्यांपैकीच एकाने ती केली.

तिसरे सत्र ब्रानिमिरचे होते आणि ते या मालिकेचे शिखर होते. त्याआधीची पंधरा वर्षे रक्तरंजित होती. त्या काळात सत्तेवर असलेल्या दोमागोय या क्रोएट सरदाराला व्हेनिसच्या इतिहासकाराने स्लावांचा अत्यंत दुष्ट सरदार असे संबोधले आहे. शत्रूच्या तोंडची ही शिवी त्याच्या सागरी कर्तबगारीची पावती मानावी, हे व्याख्यात्यांचे म्हणणे रास्त होते. दोमागोयनंतर त्रपिमिरच्या घराण्यातला झ्देस्लाव कॉन्स्टँटिनोपलच्या मदतीने ८७८ मध्ये गादीवर आला. पुढच्याच वर्षी ब्रानिमिरने त्याला मारून सत्ता घेतली आणि रोमकडे तोंड वळवले. पोप आठवा जॉन याने ८७९ च्या जूनमध्ये त्याला पत्र लिहून कळवले की येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला संत पीटरच्या वेदीपाशी आपण हात उंचावून त्याला, त्याच्या लोकांना आणि त्याच्या भूमीला आशीर्वाद दिला आहे. हे पत्र वर्गात पूर्ण वाचून दाखवले गेले. नुकताच खून करून सत्तेवर आलेल्या माणसाला हा आशीर्वाद किती उपयोगी पडला असेल, आणि रोमलाही पूर्वेकडच्या चर्चशी चाललेल्या ओढाताणीत असा मित्र किती हवा होता, या दोन्ही बाजू त्या वाचनात उमटल्या.

त्यानंतर पडद्यावर शिलालेख दाखवले. बेन्कोवाट्सजवळच्या शोपोत येथील शिलाखंडावर ब्रानिमिरच्या नावापुढे क्रोएटांचा ड्यूक अशी अक्षरे आहेत, आणि मूच येथील शिळेवर ८८८ हे साल कोरलेले आहे. कोरीव वेलबुट्टी म्हणावी तर तिथे वेली नाहीत. वेताच्या टोपलीचा विणकाम-नमुना दगडात उतरवावा तशी तिहेरी दोऱ्यांची गुंफण आहे, आणि ती त्या काळच्या चर्चच्या दगडी पडद्यांवर सर्वत्र आढळते. बायझंटाइन आणि फ्रँक दरबारांत बसून लिहिणारे इतिहासकार जे सांगत नाहीत ते हे दगड सांगतात : अमुक सरदाराच्या काळात, अमुक मठाधिपतीच्या हातून, या जागी चर्च बांधले गेले. बांधणारे आहेत, पैसा आहे, लॅटिन अक्षरे खोदणारा कारागीर आहे आणि आपले नाव टिकावे अशी इच्छा आहे. राज्य उभे राहत असल्याची याहून ठोस खूण कोणती हवी? पैशाचा मुद्दाही इथेच आला. सम्राट पहिला बेसिल याने किनाऱ्यावरच्या नगरांना परवानगी दिली की जो कर ते साम्राज्याच्या सुभेदाराला देत होते तो शेजारच्या स्लावांना देऊन शांतता विकत घ्यावी. स्प्लिटने २०० सुवर्णनाणी द्यायची, झादरने ११०, त्रोगिर आणि ओसोर, राब, क्र्क या बेटांवरील नगरांनी प्रत्येकी १००, असे एकूण ७१० नाण्यांचे कोष्टक कॉन्स्टंटाइनच्या ग्रंथात नोंदलेले आहे. मागच्या रांगेतून कोणीतरी ‘चौथाईच की ही’ असे म्हटले, सभागृहात हशा पिकला, आणि व्याख्यात्यांनीही साम्य मान्य करून पुढची पारदर्शिका लावली.

चौथ्या सत्राचा नायक तोमिस्लाव होता, आणि इथे मात्र मला वर्गाशी भांडायचे आहे. तोमिस्लावविषयी जे ठामपणे म्हणता येते ते असे : दहाव्या शतकाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दशकांत तो राज्य करत होता, ९२५ साली पोप दहावा जॉन याच्या पत्रात त्याला क्रोएटांचा राजा म्हणून संबोधले आहे, त्याच वर्षी आणि पुन्हा ९२८ मध्ये स्प्लिट येथे धर्मसभा भरल्या, ज्यांत निनचा बिशप ग्रगुर आणि स्प्लिटचे आर्चबिशपपद यांच्यातला वाद स्प्लिटच्या बाजूने सुटला आणि निनचे बिशपपीठ बंद झाले, आणि बल्गेरियाच्या सिमेऑनने पाठवलेल्या अलोगोबोतुर या सेनापतीच्या सैन्याचा ९२६ च्या सुमारास क्रोएटांनी धुव्वा उडवला. पत्रसुद्धा मूळ स्वरूपात उपलब्ध नाही. ते फार नंतरच्या संग्रहातून आपल्यापर्यंत पोचले आहे. दुव्नोच्या पठारावर मोठ्या सोहळ्यात त्याचा राज्याभिषेक झाला, ही कथा एका बेभरवशाच्या बखरवजा ग्रंथावर आधारलेली आहे, आणि त्या ग्रंथातल्या राजाचे नाव तोमिस्लाव नाहीच. तरीही १९२५ मध्ये राज्याची सहस्राब्दी दणक्यात साजरी झाली, तिथल्या गावाचे नाव १९२८ मध्ये तोमिस्लावग्राद झाले आणि झाग्रेबच्या मुख्य रेल्वे स्थानकासमोर घोड्यावर बसलेला तोमिस्लाव उभा राहिला. हे सर्व व्याख्यात्यांना माहीत होते आणि त्यांनी सांगितलेही. पण सत्राच्या अखेरीस टाळी घेण्याच्या मोहात त्यांनी त्या राज्याभिषेकाची तुलना रायगडावरच्या १६७४ च्या राज्याभिषेकाशी केली, आणि ती पूर्णपणे गैरलागू होती.

दादरच्या श्रोत्यांसमोर ही तुलना किती सोपी आहे, हे वेगळे सांगायला नको. रायगडाच्या सोहळ्याची वर्णने आहेत, हजर असलेल्या इंग्रज वकिलाची नोंद आहे, नवा शक सुरू केल्याचा पुरावा आहे, आणि हा अभिषेक का, कशासाठी, कोणत्या विधीने करायचा याचा जाणीवपूर्वक विचार झालेला दिसतो. तोमिस्लावच्या बाबतीत मुकुट कोणी घातला, कुठे घातला, घातला की नाही, याचा समकालीन पुरावा नाही. आहे ते एका पत्राच्या मायन्यातले संबोधन. दोघांना शेजारी बसवल्याने तोमिस्लावचे स्थान उंचावत नाही, उलट त्याच्या आधीच्या शंभर वर्षांत मांडलिक सरदारांनी केलेले काम झाकले जाते, आणि तेच काम दाखवणे हा या वर्गाचा खरा उद्देश होता. सैन्याच्या आकड्यांबाबतही असेच झाले. ६० हजार घोडदळ, १ लाख पायदळ, ८० मोठी आणि १०० लहान जहाजे, हे कॉन्स्टंटाइनने दिलेले आकडे पडद्यावर ठळक अक्षरांत झळकले. बहुतेक इतिहासकार त्यांना अतिशयोक्त मानतात, ही सूचना मात्र तोंडी आणि ओझरती आली. पडद्यावरचे लक्षात राहते.

खरी उपयोगी तुलना प्रश्नोत्तरांत निघाली. उत्तर कोकणच्या शिलाहारांचे काय, असा प्रश्न एका ज्येष्ठ श्रोत्याने केला, आणि व्याख्यात्यांनी आपल्या टिपणांबाहेर जाऊन जे उत्तर दिले ते त्या सायंकाळचे सर्वोत्तम मिनिट होते. ठाण्याहून राज्य करणारे शिलाहार राष्ट्रकूटांचे मांडलिक होते. राष्ट्रकूट सत्ता ९७३ च्या सुमारास कोसळल्यावरही अपराजित शिलाहाराच्या ९९७ च्या भादाण ताम्रपटात त्या गेलेल्या सम्राटांची वंशावळ आदराने दिलेली आहे. चिंचणीला सापडलेल्या ९२६ च्या ताम्रपटानुसार संजाणवर राष्ट्रकूटांच्या वतीने एक अरब अधिकारी कारभार पाहत होता. हे तोमिस्लावच्या पत्रानंतरचे लगेचचे वर्ष आहे. बंदरे आहेत, व्यापारी परके आहेत, पाठीशी डोंगर आहे, डोंगरापलीकडे सम्राट आहे, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत एक घराणे दानपत्रे देत, देवळे बांधत आपले बस्तान पक्के करते आहे. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० चे आहे. तेव्हा तिकडे चौथा पेतार क्रेशिमिर राज्य करत होता आणि काही वर्षांतच, १०६९ च्या दानपत्रात, त्याने डाल्मेशियाच्या समुद्राला ‘आमचा समुद्र’ म्हटले. शिलाहार कोकणचे चक्रवर्ती म्हणवून घेत, तोच हा आवाज आहे.

या तुलनेत माझी एक भर. क्र्क बेटावर युरांद्वोर येथील चर्चमध्ये सापडलेली बाश्काची शिळा इसवी सन ११०० च्या आसपासची आहे. सुमारे दोन मीटर लांबीच्या त्या शिळेवर ग्लागोलिती या जुन्या स्लाव लिपीत, लोकांच्या भाषेत, क्रोएट राजा झ्वोनिमिर याने चर्चला दिलेल्या जमिनीची नोंद आहे, आणि जो कोणी हे दान नाकारील त्याला देव, बारा प्रेषित, चार शुभवर्तमानकार आणि संत लुसी यांचा शाप लागो, असे बजावले आहे. ठाणे-रायगड पट्ट्यात फिरलेल्या वाचकाला गद्धेगाळ, म्हणजे शाप कोरलेल्या दानशिळा, आठवल्याशिवाय राहणार नाहीत. तिथेही राजाने जमीन दिली आहे, आणि ती बळकावणाऱ्याच्या कुळाला दगडावर कोरलेली अर्वाच्य ताकीद आहे. क्रोएटांचा शाप सभ्य आहे, आपला नाही. पण दोन्हीकडे जमिनीवर डोळा असणारे लोक सारखेच असावेत. वर्गात ही शिळा दाखवली गेली, तिचे वाचनही झाले, पण शापाची ओळ गाळली. ती का गाळावी, हे मला समजलेले नाही.

पाचवे सत्र निराशाजनक झाले. राजा द्रझिस्लाव, इसवी सन १००० मधली व्हेनिसच्या डोजची, म्हणजे तिथल्या राज्यप्रमुखाची, डाल्मेशियावरची आरमारी मोहीम, चौथा क्रेशिमिर, १०७५ मध्ये सोलिन येथे पोपच्या दूताच्या हस्ते झालेला झ्वोनिमिरचा राज्याभिषेक, त्याच्या मृत्यूनंतरची यादवी, १०९७ मध्ये ग्वोझ्द पर्वतावर पडलेला राजा पेतार, आणि ११०२ मध्ये बिओग्राद येथे हंगेरीच्या कोलोमानने क्रोएटांचा राजा म्हणून धारण केलेला मुकुट, एवढे सगळे दोन तासांत कोंबले होते. झ्वोनिमिरचा अभिषेक खरोखर नोंदलेला आहे, त्याची शपथही उपलब्ध आहे. तोमिस्लावच्या काल्पनिक सोहळ्याला जेवढा वेळ दिला त्याच्या निम्मा जरी इथे दिला असता तरी वर्गाचा तोल साधला असता. कोलोमान आणि क्रोएट सरदार यांच्यातल्या कथित कराराविषयी मात्र योग्य तेवढी सावधगिरी बाळगली गेली, कारण त्याचा मजकूर चौदाव्या शतकाच्या आधीचा नाही.

राणी येलेना तर पूर्णपणे वगळली गेली. ९७६ च्या ऑक्टोबरमध्ये वारलेल्या या राणीची समाधी-शिळा १८९८ मध्ये फ्राने बुलिच या पुरातत्त्वज्ञ धर्मगुरूंना सोलिन येथे असंख्य तुकड्यांत सापडली. ते तुकडे जुळवून वाचलेल्या लेखात तिला राज्याची माता, अनाथांची आई आणि विधवांची पालक म्हटले आहे, आणि त्यावरूनच दहाव्या शतकातल्या राजांचा क्रम लावायला मोठी मदत झाली. संपूर्ण वर्गात स्त्रिया आल्या त्या दंतकथेतल्या दोन बहिणींपुरत्या.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात. दिलेली पुस्तिका नेटकी आहे, परकी नावे देवनागरीत सातत्याने एकाच पद्धतीने लिहिली आहेत आणि हे काम दिसते तितके सोपे नाही. नकाशा मात्र काळा-पांढरा आणि पोस्टकार्डाएवढा आहे. बेटांची नावे वाचायला भिंग लागेल, आणि बायझंटाइन नगरे व क्रोएट प्रदेश एकाच छटेत छापल्यामुळे ज्या विभागणीवर पहिले सत्र उभे होते तीच नकाशावर दिसत नाही. प्रश्नोत्तरांचा निदान एक-तृतीयांश वेळ सहलींच्या चौकशीत जातो : दुब्रोव्निकला कोणत्या महिन्यात जावे, शाकाहारी जेवण मिळते का. आयोजकांनी हे चहाच्या वेळेत वळवावे. शुल्क एका चांगल्या नाटकाच्या दोन तिकिटांएवढे आहे आणि त्यात चहा-बिस्किटे धरलेली आहेत. शालेय विद्यार्थ्यांना पहिले सत्र जड जाईल. महाविद्यालयीन विद्यार्थी आणि निवृत्त वाचक यांना सर्वाधिक लाभ होईल. सभागृह दुसऱ्या मजल्यावर असून लिफ्ट नाही आणि पुढच्या चार रांगा वेळेआधीच भरतात, त्यामुळे शिलालेखांवरची अक्षरे नीट पाहायची असतील तर अर्धा तास आधी पोचावे.